खाणीकडून मंत्रालयाकडे : भाऊसाहेब बांदोडकरांचा लोकजीवनातील प्रवास

उद्योगपतीने लोकजीवनात प्रवेश केला म्हणजे त्याच्या संपत्तीचा उपयोग कोणासाठी होणार, हा प्रश्न जनतेच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. या दृष्टीने गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद तथा भाऊसाहेब बांदोडकर यांची कारकीर्द अभ्यसनीय आहे.

१९११ साली पेडणे येथे जन्मलेल्या भाऊसाहेबांनी सामान्य परिस्थितीतून वर येऊन खाण व्यवसायात जम बसविला. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या दशकात गोव्याचे खनिज लोखंड नदीमार्गाने मुरगाव बंदरात व तेथून प्रामुख्याने जपानला जात असे. या व्यापाराने मूठभर कुटुंबांच्या हाती संपत्ती आली. कूळ-मुंडकार मात्र भाटकाराच्या छायेतच राहिले.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. डिसेंबर १९६३ मधील पहिल्या निवडणुकीत बहुजन समाजाच्या पाठिंब्यावर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विजयी झाला व भाऊसाहेब मुख्यमंत्री झाले. खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडण्यात आल्या. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळांना संरक्षण मिळाले.

त्यांची खरी कसोटी लागली ती जनमत कौलाच्या वेळी. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, हे त्यांच्या पक्षाचे मुख्य ध्येय होते. कौल निःपक्षपातीपणे व्हावा म्हणून त्यांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये सत्ता सोडली. १६ जानेवारी १९६७ च्या मतदानात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० व विरोधात १,७२,१९१ मते पडली. ज्या ध्येयासाठी पक्ष स्थापन झाला, तेच ध्येय जनतेने नाकारले. तथापि त्याच वर्षीच्या निवडणुकीत जनतेने भाऊसाहेबांनाच पुन्हा सत्तेवर बसविले. धोरण अमान्य, परंतु नेतृत्व मान्य, असा विवेक मतदारांनी दाखविला आणि उभय पक्षांनी तो निर्णय मानला.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर यांच्या कारकीर्दीत, १९७६ च्या दुरुस्तीने, कसणाऱ्यास जमिनीची मालकी देण्याचे पाऊल उचलले गेले.

खाणींचा प्रश्न मात्र मागे उरला. पोर्तुगीजकालीन खाण सवलतींचे भाडेपट्ट्यांत रूपांतर करणारा कायदा १९८७ मध्ये संसदेने केला, तर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले. व्यक्ती कितीही उदार असली, तरी भूगर्भातील संपत्तीचे नियमन तिच्या औदार्यावर सोपविता येत नाही. ते कायद्यानेच व्हावे लागते. ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंत लोकप्रतिनिधींनी ध्यानी ठेवावा, असा हा धडा आहे.