जाड तळाचे बूट : भार कमी होतो की जागा बदलतो?

रविवारी पहाटे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर किंवा पुणे विद्यापीठाच्या परिसरात धावणाऱ्यांच्या पायांकडे पाहिले, तर गेल्या दशकातला एक बदल लगेच ध्यानात येतो. बुटांचे तळ जाड झाले आहेत. पूर्वी टाचेखालचा थर साधारणतः २५ ते ३० मिलिमीटरचा असे. आता ४० मिलिमीटर किंवा त्याहूनही जाड फोमवर धावणारे स्त्री-पुरुष सर्रास दिसतात. अर्धमॅरेथॉन वा मॅरेथॉनचा सराव करणाऱ्यांच्या गप्पांत वेळ आणि वेग यांच्या खालोखाल बुटांच्या गादीचाच विषय निघतो.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. पन्नाशीच्या आसपास धावायला लागलेल्या माणसाला घरातून पहिली ताकीद मिळते ती गुडघ्यांची. ती भीती मनात घेऊनच तो दुकानात जातो आणि दहा हजारांच्या पुढे किंमत असलेला मऊ जोड घेऊन परततो. या बुटाने गुडघे खरोखर वाचतात का, याचे उत्तर त्याच्या खिशाइतकेच त्याच्या पुढच्या वीस वर्षांच्या चालण्या-फिरण्याशी निगडित आहे.

एकाच वर्षी जन्मलेली दोन टोके

२००९ हे वर्ष या बाबतीत मोठे गमतीचे ठरले. त्या वर्षी ख्रिस्तोफर मॅकडूगल या अमेरिकी लेखकाचे ‘बॉर्न टू रन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि अनवाणी किंवा अगदी पातळ तळाच्या बुटांनी धावण्याची लाट उसळली. मनुष्याचा पाय निसर्गतःच धावण्यासाठी घडला आहे, गाद्यांनी तो दुबळा झाला, असा त्या विचाराचा सूर होता. त्याच वर्षी फ्रान्समधील आन्सी या आल्प्सच्या पायथ्याच्या गावी निकोला मेरमू आणि जाँ-ल्यूक दियार या दोघांनी ‘होका’ बुटांचा आरंभ केला. त्यांची अडचण वेगळी होती. डोंगर चढून जाणे जमत होते. पण उताराने वेगात खाली येताना मांड्या आणि पावले भरडून निघत. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे जाड, मऊ आणि पुढे-मागे किंचित वळलेला, झोपाळ्याच्या खुर्चीसारखा तळ.

प्रारंभी या बुटांची विदूषकाचे जोडे म्हणून थट्टा झाली. पण काळाची चक्रे फिरली. पाच बोटांच्या पातळ बुटांसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘व्हिब्रम’ कंपनीवर आरोग्यविषयक दाव्यांवरून अमेरिकेत खटला झाला आणि २०१४ मध्ये कंपनीने आरोप मान्य न करता ३७.५ लाख डॉलरची तडजोड केली. इकडे जाड तळ इतका रुजला, की २०२० मध्ये जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरील शर्यतींसाठी ४० मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली. २०२१ च्या व्हिएन्ना मॅरेथॉनमध्ये इथिओपियाचा देरारा हुरिसा सर्वांत आधी पोहोचला. परंतु त्याच्या बुटाचा तळ ५० मिलिमीटरचा निघाल्याने त्याला बाद करण्यात आले.

धावणारे काय सांगतात

लांब पल्ल्याच्या धावपटूंची मते ऐकली, तर त्यांत तीन प्रवाह स्पष्ट दिसतात.

पहिला प्रवाह समर्थकांचा. त्यांचे म्हणणे असे, की या बुटांचा खरा लाभ धावताना नव्हे, तर दुसऱ्या दिवशी कळतो. पंचवीस-तीस किलोमीटरच्या धावेनंतर पूर्वी सोमवारी जिना उतरताना मांड्या ठणकत. आता कामावर सहज जाता येते. तळपाय आणि चवड्याची आग कमी होते. उताराच्या मार्गांवर हा अनुभव अधिक ठळक असतो. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून पुन्हा तोच उतरायचा असतो; दक्षिण आफ्रिकेतील सुमारे ९० किलोमीटरच्या कॉम्रेड्स शर्यतीत, ज्या वर्षी मार्ग डर्बनच्या दिशेने खाली जातो, त्या वर्षी तासन्‌तास उतार भेटतो. अशा ठिकाणी जाड तळाची कदर वाटणे स्वाभाविक आहे. मुळात त्याचा जन्मच उतारासाठी झाला होता.

दुसरा प्रवाह तक्रारदारांचा. जमीन पायाला कळेनाशी होते, ही त्यांची मुख्य खंत. खड्डा, गतिरोधक, पेव्हर ब्लॉकची उचललेली कड यांची चाहूल पायाला उशिरा लागते आणि उंच तळावरून घोटा मुरगळण्याचे भय वाटते. वळणावर पाय डगमगतो. पावसाळ्यात चिंब भिजलेला जोड जड होतो आणि वाळायला दोन-दोन दिवस घेतो. काहींना गुडघ्याचे दुखणे थांबल्याचे समाधान मिळते न मिळते, तोच पोटरी किंवा टाचेमागची शीर कुरकुरू लागते.

तिसरा प्रवाह मध्यममार्गी. ही मंडळी रविवारच्या लांब धावेला जाड तळ वापरतात, आठवड्यातल्या छोट्या किंवा वेगाच्या धावेला साधा जोड. तावून सुलाखून निघालेले अनेक जुने धावपटू याच वाटेवर आढळतात.

ही मते परस्परविरोधी वाटतात खरी; पण शरीराचे वर्तन समजून घेतले, म्हणजे तिन्ही आपापल्या जागी योग्य आहेत असे दिसते.

झेल, हातमोजे आणि पाय

धावताना प्रत्येक पावलागणिक जमिनीकडून शरीरावर वजनाच्या दुप्पट ते तिप्पट बल येते. मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरमध्ये सर्वसाधारण धावपटूची पावले ४०,००० च्या आसपास भरतात. ६५ किलो वजनाच्या व्यक्तीच्या दृष्टीने हा हिशेब किती मोठा आहे, हे सांगायला नको.

फोम येथे काय करतो? क्रिकेटमध्ये वेगाने आलेला झेल घेताना क्षेत्ररक्षक हात किंचित मागे नेतो. चेंडू थांबवायचा असतोच, पण तो थांबण्यास थोडा अधिक वेळ मिळतो आणि हाताला झोंबत नाही. फोमही दबून पायाला तेवढा वेळ मिळवून देतो. मात्र यष्टिरक्षकाच्या हातात जाड मोजे असले, म्हणजे तो हात तितके मागे नेत नाही. आपले पायही नेमके असेच वागतात. पृष्ठभाग मऊ आहे असे जाणवताच मज्जासंस्था स्नायूंना आवळते, गुडघा आणि घोटा कमी वाकतात, पाय अधिक ताठ स्प्रिंगसारखा काम करतो. कठीण पृष्ठभागावर हेच उलटे घडते. वेगवेगळ्या पृष्ठभागांवर धावणाऱ्यांच्या पायांतील हा बदल संशोधकांनी १९९८ मध्येच मोजून दाखवला होता.

याचा परिणाम २०१८ मध्ये फिनलंडमधील एका अभ्यासात दिसला. १२ पुरुष धावपटूंना साध्या आणि अतिशय जाड तळाच्या बुटांत धावायला लावले, तेव्हा ताशी १४.५ किलोमीटर वेगाला जाड बुटांतील आदळण्याचे बल कमी न होता सुमारे १० टक्क्यांनी अधिक भरले. पाय ताठ राहिल्यामुळे गादीचा लाभ वजा झाला होता. हा प्रयोग लहान होता आणि आदळण्याचे बल वाढले म्हणजे दुखापत होणारच, असे त्यावरून ठरत नाही. पण ‘जितकी जाड गादी, तितका कमी मार’ हे सोपे समीकरण मात्र त्याने मोडीत काढले.

दुखापतींचा पुरावा

मग मऊपणा निरुपयोगी समजायचा काय? तसेही नाही. लक्झेंबर्गमधील संशोधकांनी ८४८ हौशी धावपटूंना बाहेरून एकसारखे दिसणारे, पण आतून कमी-अधिक कठीण असलेले बूट देऊन सहा महिने त्यांची नोंद ठेवली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कठीण तळ वापरणाऱ्यांत दुखापतीचा धोका सुमारे दीडपट आढळला. त्यातही आश्चर्य असे, की मऊ तळाचा फायदा प्रामुख्याने हलक्या वजनाच्या धावपटूंना झाला; वजनदार धावपटूंत तसा फरक दिसला नाही. ‘वजन जास्त आहे, तेव्हा सर्वांत जाड जोड घ्या’ हा सल्ला आपण सर्रास ऐकतो, त्याला या अभ्यासाने दुजोरा दिलेला नाही. अर्थात, तेथे तपासला गेला तो फोमचा मऊपणा, त्याची अतिजाडी नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

२०२२ मध्ये कोक्रेन या संस्थेने धावण्याच्या बुटांविषयीच्या १२ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत ११ हजारांहून अधिक लोकांचा समावेश होता. कोणताही एक प्रकारचा बूट दुखापत निश्चितपणे टाळतो, असे म्हणण्याजोगा भक्कम पुरावा त्यात आढळला नाही.

भार जातो कुठे?

या सर्वांतून हाती लागणारे सूत्र साधे आहे. बूट शरीरावरचा भार नाहीसा करत नाही. तो एका जागेकडून दुसऱ्या जागेकडे सरकवतो.

वळणदार तळामुळे चवड्याचे सांधे कमी वाकतात, म्हणून अंगठ्याच्या सांध्यात दुखणाऱ्यांना आराम वाटतो. मात्र अनेक जाड बुटांत टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक केवळ चार-पाच मिलिमीटर असतो. तळ जाड म्हणजे टाच उंच, हा समज चुकीचा आहे. दहा-बारा मिलिमीटर उतार असलेल्या जुन्या बुटांची सवय झालेल्या पायाला हा बदल पोटरीत आणि टाचेमागच्या शिरेत जाणवतो. बुटात कार्बनची पट्टी असेल, तर गणित पुन्हा निराळे. असे बूट वापरणाऱ्या पाच खेळाडूंच्या पावलातील नाविक अस्थीला ताणाची इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. संख्या लहान आहे. पण सावध राहण्यास ती पुरेशी आहे.

आणखी एक धोका बुटात नसून मनात असतो. दुसऱ्या दिवशी पाय ताजे वाटतात, म्हणून धावपटू विश्रांतीचा दिवस रद्द करतो किंवा आठवड्याचे अंतर एकदम वाढवतो. स्नायूंचे ठणकणे कमी झाले, तरी हाडे आणि शिरा यांना नव्या भाराशी जुळवून घेण्यास कित्येक आठवडे लागतात. गादीने वेदनेचा आवाज मंद केला असेल, पण दुरुस्तीचा वेग वाढवलेला नसतो.

खरेदीपूर्वी आणि खरेदीनंतर

बूट संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, नेहमीचे मोजे घालून पाहावेत. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा असावी. केवळ उभे राहून मऊपणा जोखू नये. दुकानात वा बाहेर दोन-चार मिनिटे धावून, वळून पाहावे. कॅल्गरी विद्यापीठातील बेनो निग यांनी दीर्घ संशोधनानंतर मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो : धावताना जो बूट आपल्या पायाला मनापासून सुखाचा वाटतो, त्याची निवड करावी. घोटा डगमगत असेल, तर तो जोड कितीही प्रसिद्ध असला तरी आपला नव्हे. घोटा वारंवार मुरगळणाऱ्यांनी, वयामुळे तोल कमी झालेल्यांनी आणि मधुमेहामुळे पायाची संवेदना मंदावलेल्यांनी अतिजाड तळ घेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

नवा जोड पहिल्याच रविवारी पंचवीस किलोमीटरसाठी काढू नये. पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून एक-दोनदा, चार-पाच किलोमीटर वापरून हळूहळू अंतर वाढवावे. जुना जोड लगेच टाकून देऊ नये. २६४ धावपटूंच्या २०१५ मधील एका अभ्यासात, आलटून पालटून एकाहून अधिक जोड वापरणाऱ्यांत दुखापतीचा धोका ३९ टक्क्यांनी कमी आढळला. भार रोज एकाच जागी पडत नाही, हे त्याचे संभाव्य कारण.

फोमलाही वय असते. ५०० ते ८०० किलोमीटरनंतर त्याची उसळी घटते; आठवड्याला ४० किलोमीटर धावणाऱ्याचा एकच जोड तीन ते पाच महिन्यांत थकतो. भिजलेले बूट कडक उन्हात न ठेवता आतला पट्टा काढून, वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळवावेत. आणि बुटाच्या किमतीच्या तुलनेत फुकट असलेला उपाय विसरू नये : पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा उचलणे, एका पायावर तोल सांभाळणे, मांड्यांसाठी बैठका. आठवड्यातून दोनदा दहा मिनिटे दिली, तरी नव्या जागी सरकलेला भार पेलण्याची ताकद येते.

हाडाच्या एकाच बिंदूवर दुखत असेल, रात्रीही ठणका राहत असेल, किंवा लंगडत धावावे लागत असेल, तर बूट बदलून पाहण्यात दिवस न घालवता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

जाड तळाचा बूट हा लांब पल्ल्यातला चांगला सोबती ठरू शकतो; अनेकांना तो तसा ठरलाही आहे. सोबत्याकडून किती अपेक्षा ठेवायची, हे मात्र धावणाऱ्याने ठरवायचे असते. पायांची ताकद, अंतरातली सावकाश वाढ आणि वेळच्या वेळी विश्रांती या तीन गोष्टी कोणत्याही दुकानात विकत मिळत नाहीत, आणि गुडघ्यांचे भवितव्य बुटाच्या जाडीपेक्षा त्यांवरच अधिक अवलंबून आहे.