जलपर्णी किती? उपग्रहाला विचारण्याआधी

उजनीच्या फुगवट्यावर जलपर्णी पसरली की टक्केवारीचे आकडेही पसरतात. कुणाच्या मते निम्मं पाणी झाकलेलं असतं, कुणाच्या मते पाव. त्यात 'उपग्रहाने मोजलंय' एवढं कुणी म्हटलं की समोरचा गप्प बसतो. गप्प बसायचं तसं काही कारण नाही.

पहिला गैरसमज असा, की उपग्रह फोटो काढतो आणि त्यातला हिरवा भाग मोजला की काम झालं. प्रत्यक्षात डोळ्यांना दिसणाऱ्या हिरव्यावर फारसं कुणी विसंबत नाही. जिवंत पान लाल प्रकाश शोषतं आणि आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतं. पाणी हा अवरक्त प्रकाश जवळजवळ सगळाच गिळतं. त्यामुळे त्या पट्ट्यात धरण काळंकुट्ट दिसतं आणि जलपर्णी लख्ख. अवरक्तातून लाल वजा करून दोन्हींच्या बेरजेने भागलं की 'एनडीव्हीआय' मिळतो. मोकळ्या पाण्यावर तो साधारणपणे शून्याखाली असतो, दाट पानांवर एकाच्या दिशेने चढतो.

'मग एनडीव्हीआय जास्त, तिथे जलपर्णी!' इथेच खरी गफलत होते. उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागे सरकतं आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात. हे पीक उपग्रहाला जलपर्णीइतकंच टवटवीत दिसतं. पाण्यावर साचलेल्या शेवाळाच्या साईचंही तेच. शेवाळ त्यातल्या त्यात सोपं, कारण ते पाण्याला चिकटून, ओलं असतं. जलपर्णीची पानं पाण्याच्या वर उभी राहतात, म्हणून अधिक लांब लहरींच्या अवरक्तात तीच जास्त उजळते. गाळपेर ओळखायची तर एका चित्रावर भागत नाही, चित्रांची रांग लावावी लागते. पीक जागा सोडत नाही, त्याला बांधाच्या सरळ कडा असतात आणि काढणीनंतर ते एकदम नाहीसं होतं. जलपर्णीचा थर वाऱ्याबरोबर हलतो.

यावर कुणी म्हणेल, आधी पाण्याची हद्द आखा आणि तिच्या आतलं हिरवं तेवढं मोजा. कल्पना चांगली आहे, पण पाणी ओळखणारं सूत्र जलपर्णीने झाकलेल्या पाण्याला बिनदिक्कत जमीन ठरवतं. म्हणजे जे मोजायचं तेच हद्दीबाहेर जातं! त्यावर तोडगा असा, की धरणाची पातळी तेवढीच, पण पाणी मोकळं होतं अशा दिवसाचं जुनं चित्र शोधून हद्द त्यावरून घ्यायची. टक्केवारीचा छेद इथूनच ठरतो. धरण भरलेलं असताना आणि तळाशी गेलेलं असताना जलपर्णी तेवढीच असली, तरी टक्के वेगळे येणार. म्हणून टक्क्यांऐवजी हेक्टर विचारावेत आणि त्या दिवसाची पाणीपातळीही विचारावी.

तारखेचा मुद्दा गुगल अर्थवाले हमखास विसरतात. तिथलं चित्र आजचं नसतं, कधी कधी काही वर्षं जुनं असतं. मोजणीसाठी युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात. जोडीतला एक ना एक उपग्रह दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातो. पण पावसाळ्यात खाली ढगच दिसतात, आणि पुराबरोबर जलपर्णी वाहून येते तीही नेमकी तेव्हाच. त्या वेळी सेंटिनेल-१ चं रडार कामाला येतं. त्याच्या लहरी ढगांपलीकडे जातात, शांत पाण्यावरून भलतीकडे परावर्तित होतात आणि पानांच्या गचपणातून काही प्रमाणात परत येतात. जोराच्या वाऱ्याने पाणी खवळलं की मात्र रडारही फसतं.

वारा आणखी एक घोटाळा करतो. विरळ पसरलेली जलपर्णी तो एका काठाला रेटून दाबून बसवतो आणि एक रोपही न काढता क्षेत्र घटतं. सफाईच्या आधीचं एक आणि नंतरचं एक, अशी दोनच चित्रं दाखवून कुणी श्रेय घेत असेल, तर मधली चित्रं मागावीत.

'उपग्रहाला सगळं बारीक दिसतं' हाही असाच एक समज. सेंटिनेल-२ चा सर्वांत बारीक चौकोन १० मीटर बाजूचा, म्हणजे १०० चौरस मीटरचा असतो. उजनीसारख्या जलाशयाला तो पुरतो. अरुंद नदीत मात्र एकाच चौकोनात पाणी, काठचं झाड आणि जलपर्णी अशी सरमिसळ होते. तिथे ड्रोन बरा. पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती तर गढूळ पाण्यात उपग्रहाला जवळपास दिसतच नाहीत.

शेवटचा गैरसमज पैशाशी जोडलेला आहे: हेक्टर कळले की टन कळले. उपग्रहाला दिसतो तो वरचा पसारा. थर दाट होत गेला की एनडीव्हीआय एका मर्यादेनंतर वाढायचाच थांबतो, म्हणून गुडघाभर जलपर्णी आणि कमरेएवढी जलपर्णी त्याला जवळपास सारखीच. त्यात या वनस्पतीच्या वजनात नऊ दशांशांहून जास्त निव्वळ पाणी. टनांवर बिल काढायचं असेल, तर होडीतून एक चौरस मीटरची चौकट टाकून आतली जलपर्णी मुळांसकट उपसायची, निथळू द्यायची आणि काट्यावर घालायची. तेही एकाच जागी नव्हे, विरळ-दाट अशा सगळ्या पट्ट्यांत.