त्वचा न सोलणारा प्रकाशोपचार

वाशी, नेरूळ किंवा खारघर येथील मोठ्या रस्त्यांनीं जातांना त्वचाचिकित्सालयांच्या पाट्यांवर ‘लेसर’ हा शब्द आज सहज दृष्टीस पडतो. मुरमांचे वण, उन्हाचे डाग, वयोमानानें पडलेल्या सुरकुत्या, या सर्वांवर प्रकाशाचा उपाय सांगण्यांत येतो. आमच्या विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या मातापित्यांच्या मनांत याविषयीं कुतूहल असणें साहजिक आहे. म्हणून हा उपचार काय करूं शकतो व काय करूं शकत नाहीं, हें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रकाशानें रोग बरा करण्याची कल्पना नवी नाहीं. डेन्मार्कचे डॉक्टर नील्स फिन्सेन यांनीं एकवटलेल्या किरणांनीं त्वचेच्या क्षयावर उपचार केले, व त्याबद्दल त्यांस १९०३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें १९६० सालीं अमेरिकेंत थिओडोर मेमन यांनीं कृत्रिम माणकाच्या कांडीपासून पहिला लेसर किरण काढिला. दिव्याच्या प्रकाशांत अनेक रंग मिसळलेले असतात व तो चोहोंकडे पसरतो. लेसरचा किरण एका रंगाचा असून एका दिशेनें जातो. १९८३ सालीं अँडरसन व पॅरिश या शास्त्रज्ञांनीं असें दाखवून दिलें कीं, योग्य रंगाचा किरण योग्य तेवढाच क्षण सोडिला, तर तो त्वचेंतील नेमक्या लक्ष्यास तापवितो व शेजारच्या भागास फारशी इजा करीत नाहीं.

आतां त्वचेची रचना पाहूं. वरच्या पातळ थरांत मेलॅनिन नांवाचें रंगद्रव्य असतें. खालच्या जाड थरांत कोलॅजनचे बळकट तंतू असतात. ऊन व वय यांनीं ते झिजले म्हणजे सुरकुत्या पडतात. एका प्रकारच्या लेसरनें वरचा थरच जाळून काढितात. त्याचा गुण मोठा, पण जखमही मोठी. आमच्या विषयाचा उपचार याहून सौम्य आहे. यांत वरचा थर थंड ठेवून किरण त्यांतून पार करितात व खालच्या थरास बेताची ऊब देतात. शरीर त्या उष्णतेस लहानशी इजा समजतें व डागडुजीसाठीं नवें कोलॅजन तयार करूं लागतें. या कामास महिने लागतात. म्हणून कांहीं आठवड्यांच्या अंतरानें अनेक वेळां उपचार घ्यावे लागतात, आणि गुण हळूहळू व बेताचाच येतो. ‘आय.पी.एल.’ नांवाच्या उपचारांत तर लेसर नसतोच. तेथें प्रखर दिव्याच्या प्रकाशाचे झोत गाळून सोडितात.

येथें आम्हां भारतीयांनीं एक गोष्ट नीट ध्यानांत ठेविली पाहिजे. भर दुपारीं काळ्या छत्रीचें कापड पांढऱ्या छत्रीपेक्षां अधिक तापतें, हें प्रत्येक मुलास ठाऊक आहे. मेलॅनिन हीच आपली काळी छत्री. उन्हांतील घातक किरण अडवून ती आपलें रक्षण करिते. परंतु उपचाराचा प्रकाशही तीच शोषून घेते. गोऱ्या कातडीस जो प्रकाश सोसवतो, त्यानें सांवळी कातडी भाजूं शकते, व भाजल्या जागीं मागाहून काळा डाग उमटतो. म्हणजे जो डाग घालविण्यास गेलों, तोच दुणावून घरीं आणावा! प्रकाशाची लहर लांब असली म्हणजे मेलॅनिन ती कमी शोषितें. म्हणून आपल्या वर्णाच्या लोकांस १०६४ नॅनोमीटर लहरीचा एनडी-याग लेसर त्यांतल्या त्यांत सुरक्षित मानितात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.

यास्तव पालकांस आमची विनंती आहे कीं, स्वस्ताईच्या मोहानें कोणाही यंत्रचालकाच्या हातीं मुलाचा चेहरा देऊं नये. नेरूळ व कामोठें येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोगांचे विभाग आहेत; तेथें किंवा अन्य पदवीधर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावें. यंत्र कोणतें, आपल्या वर्णावर त्याचा अनुभव किती, हें विचारावें. प्रथम लहानशा जागीं चांचणी करण्यास सांगावें. चालूं असलेलीं औषधें सांगावीं. उपचाराच्या वेळीं डोळे झांकलेले असावेत, आणि मागाहून उन्हापासून जपावें. नुकतीच उन्हानें रापलेली त्वचा घेऊन तर या उपचारास जाऊंच नये.

शेवटीं मुलींच्या मातांस एक शब्द. मुरमांचा वण हा त्वचेचा दोष आहे. त्यावर उपाय करण्यांत लाज नाहीं. परंतु सांवळेपणा हा दोष नव्हे, रोगही नव्हे, आणि तो कायमचा पुसून टाकील असा किरण कोणाही डॉक्टरच्या पेटींत नाहीं. लग्नाच्या बाजारांत रंगाची चौकशी होते म्हणून शाळकरी मुलीस यंत्रापुढें बसविणें म्हणजे निरोगी लेंकरास रोगी ठरविणें होय. तो घाव त्वचेच्या कोणत्याही थराहून खोल जातो व त्याला नवें कोलॅजन येत नाहीं. ज्या देवानें प्रकाश निर्माण केला, त्यानेंच हा वर्णही दिला आहे. प्रकाशाचा उपयोग दुखणें बरें करण्यास करावा. देणगी नाकारण्यास करूं नये.