चिंतेचे विचार हटत नाहीत तेव्हा : वितक्कसण्ठान सुत्त काय सांगते?

दिवे मालवले, मोबाईल बाजूला ठेवला, की डोक्यात एक वाक्य सुरू होते. ‘निकाल लागला नाही तर?’ ‘आईने दोनदा फोन उचलला नाही, काही झाले नसेल ना?’ ‘या महिन्याचा हप्ता चुकला तर?’ उत्तर दिले की तेच वाक्य थोडे रूप बदलून पुन्हा समोर येते. असा अनुभव अधूनमधून कोणालाही येतो. मात्र काही जणांना तो महिनोन्‌महिने रोज येतो आणि ते एकच गोष्ट करत राहतात, ती म्हणजे विचार जबरदस्तीने थांबवायचा प्रयत्न.

हा प्रयत्न बहुधा उलटतो, आणि यामागे मनाचा कमकुवतपणा नसतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये याविषयीचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागींना सांगितले की पाच मिनिटे मनात येईल ते बोला, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. नंतर त्याच लोकांना अस्वलाचा विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा सुरुवातीपासून मोकळीक असलेल्यांपेक्षा त्यांच्या मनात ते अस्वल जास्त वेळा आले. कारण सोपे आहे. विचार आला की नाही हे तपासायचे, तर तो विचार सतत लक्षात ठेवावा लागतो.

मज्झिम निकायातले विसावे सुत्त या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. ‘वितक्कसण्ठान’ म्हणजे वितर्क शांत होणे. श्रावस्तीच्या जेतवनात बुद्धांनी भिक्खूंना मनात येणाऱ्या अकुशल विचारांवर पाच उपाय सांगितले. सुत्तात लोभ, द्वेष आणि मोहाशी जोडलेल्या विचारांचा उल्लेख आहे, चिंतेचा वेगळा नाही. चिंता पाच नीवरणांपैकी ‘उद्धच्च-कुक्कुच्च’, म्हणजे अस्वस्थता आणि रुखरुख, यात मोडते. तिच्यासाठी दुसरीकडे वाऱ्याने हेलकावणाऱ्या पाण्याची उपमा आली आहे, ज्यात आपला चेहरा धड दिसत नाही. पण विचार चिकटून बसतो कसा आणि सुटतो कसा, ही प्रक्रिया दोन्हीकडे सारखीच आहे.

महत्त्वाचे आहे ते उपायांच्या क्रमात. दात दाताला लावून, जीभ टाळूला टेकवून, मनाने मन दाबून धरणे हा पाचवा उपाय आहे. आधीचे चार निष्फळ ठरले तरच वापरायचा. महासच्चक सुत्तात बुद्ध आपल्या तपश्चर्येच्या दिवसांबद्दल सांगतात तेव्हा हीच कृती येते. बलवान माणसाने दुबळ्याला मानगुटीला धरून दाबावे तसे मनाला दाबले, काखेतून घाम वाहिला आणि शरीर अस्वस्थच राहिले, असे तिथे वर्णन आहे. त्यांनी ते स्वतः करून पाहिले होते, म्हणून हा उपाय शेवटी ठेवला असावा, असे मला वाटते. आपण मात्र रोज रात्री पाचव्यापासूनच सुरुवात करतो.

पहिला उपाय सुताराचा आहे. कुशल सुतार जाड पाचर काढायला बारीक पाचर ठोकतो. तसे अकुशल विचाराच्या जागी दुसरे कुशल आलंबन आणायचे : श्वास, मेत्ता भावना, त्रिसरण किंवा हातातले एखादे काम. इथे एक सावधगिरी हवी. ‘त्रिसरण एकवीस वेळा म्हटले नाही तर घरात कोणाला तरी काही होईल’ असे वाटू लागले, तर ते आलंबन राहिले नाही, चिंतेचाच भाग झाले. मराठीत ज्याला आपण मंत्रचळ म्हणतो आणि डॉक्टर ओसीडी म्हणतात, त्यात असेच घडते. कृती केली की क्षणभर बरे वाटते. त्या बरे वाटण्यामुळेच पुढच्या वेळी भीती आणखी जोरात येते. आईला दहा वेळा फोन करून ‘सगळे ठीक ना?’ विचारणे, गॅस पुन्हा पुन्हा तपासणे, आजाराची लक्षणे रात्रभर मोबाईलवर शोधणे, यांचेही गणित तेच. एकदा विचारा, उत्तर ऐका आणि पुढची हुरहुर तशीच राहू द्या. ती सुरुवातीला वाढते, आणि फेर तपासले नाही तर बहुधा हळूहळू आपणहून उतरते.

दुसरा उपाय त्या विचाराचा तोटा पाहण्याचा. नटण्याची आवड असलेल्या तरुण-तरुणीच्या गळ्यात कोणी मेलेला साप अडकवावा, अशी ठसठशीत उपमा सुत्तात आहे. चिंतेने ग्रासलेल्या माणसाने हा उपाय जपून वापरावा, कारण तो आधीच स्वतःला दोष देत असतो. तोटा विचाराचा पाहायचा आहे, स्वतःचा नव्हे. या विचाराने काल किती तास झोप घेतली, अभ्यासाची किती पाने राहिली, एवढाच हिशेब पुरे.

तिसरा उपाय लक्ष न देण्याचा. नको ते दृश्य दिसले की माणूस नजर वळवतो, तसा. दाबणे आणि लक्ष न देणे यातला फरक शेजारच्या मंडपातल्या भोंग्यावरून समजेल. तो बंद करायला गेलो तर भांडण होते. तो वाजतोय हे मान्य करून पुस्तक वाचत राहिलो, तर काही वेळाने आवाज असतो, पण आपण त्यात नसतो.

चौथा उपाय मला सर्वांत उपयोगी वाटतो. भरभर चालणाऱ्याच्या मनात येते, मी एवढी घाई का करतोय? तो सावकाश चालतो. मग उभा राहतो, मग बसतो, मग आडवा होतो. विचारही असाच एकेक पायरी उतरवायचा. रात्री दीड वाजता हप्त्याचा प्रश्न सोडवायची घाई का आहे? बँक तर सकाळी उघडणार. अमेरिकेत बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेली पद्धत याला जवळची आहे. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास फक्त चिंतेसाठी ठेवायचा. इतर वेळी विचार आला की ‘संध्याकाळी सहाला’ म्हणून पुढे ढकलायचा आणि सहा वाजता वही घेऊन खरोखर बसायचे. अंथरूण ही जागा निवडू नका. वहीत दोन रकाने करा : ज्याबद्दल उद्या काही करता येईल ते एकात, ज्याबद्दल काहीच करता येणार नाही ते दुसऱ्यात. दुपारी भयंकर वाटलेले बरेच काही सहा वाजता लिहावेसेही वाटत नाही.

पहिला रकाना मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. आपल्या समाजातल्या अनेक तरुणांची चिंता हवेतून आलेली नसते. घरातला पहिला पदवीधर, त्याच्यावर आईवडिलांचे आणि धाकट्या भावंडांचे ओझे. वसतिगृहात किंवा नव्या नोकरीत आडनाव विचारून बदलणारी नजर. अडकलेली शिष्यवृत्ती, रखडलेली जातपडताळणी. अशा माणसाला ‘डोळे मिटून श्वास बघ’ एवढेच सांगणे हा अन्यायच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये दुःखाकडे माणसामाणसांतल्या संबंधांतूनही पाहिले. कारण बाहेर आहे तिथे तक्रार अर्ज, संघटना, वकील, मित्र हेच उपाय. ध्यान त्यासाठी लागणारे डोके शाबूत ठेवते, त्यांची जागा घेत नाही.

आणि ध्यान औषधाचीही जागा घेत नाही. गोएंका गुरुजींच्या परंपरेतल्या विपश्यना केंद्रांच्या नियमावलीतही हे स्पष्ट लिहिलेले आहे. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करून दहा दिवसांच्या शिबिराला जाऊ नका. आधी डॉक्टरांशी बोला आणि अर्जात आजार लपवू नका. विनयपिटकात औषधांवर आख्खा एक खंधक आहे, जीवकासारखा वैद्य संघाची सेवा करत होता. मनाच्या उपचाराची लाज आपल्याकडे कुठून आली, हा प्रश्नच आहे. देवऋषी सोडला, पण मानसोपचारतज्ज्ञाच्या पायरीवर आपण अजून अडखळतो.

बहुतेक दिवस चिंता, सोबत झोपमोड, चिडचिड, अंग आखडणे, आणि हे सहा महिने चालले, तर डॉक्टर त्याला चिंताविकार मानू शकतात. तेवढे थांबायची गरज नाही. काम किंवा अभ्यास बिघडू लागला तरी दाखवावे. थायरॉईड वाढल्यानेही छातीत धडधड आणि बेचैनी होते, म्हणून तपासणी हवी. समुपदेशनाने अनेकांना फरक पडतो. चिंतेवर नेहमी दिल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्यांची सवय लागत नाही, पण त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. दोन दिवसांत सोडू नयेत. झोपेच्या गोळ्यांचे तसे नाही, त्या चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणून घेऊ नका. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ वर चोवीस तास फोन करता येतो आणि मराठीत बोलता येते. जगणे नकोसे वाटत असेल, तर सहा वाजेपर्यंत थांबू नका. त्याच क्षणी हा फोन करा किंवा घरातल्या कोणाला तरी उठवा.