प्लॉट आता घ्यावा की थांबावे?

अमरावतीच्या इतवारा बाजारात काय किंवा अकोल्याच्या ताजनापेठेत काय, चार व्यापारी एकत्र बसले की एक प्रश्न हमखास निघतो: हाती आलेला पैसा आताच जागेत घालावा की थांबावे? कारागिराच्या दहा-वीस वर्षांच्या कमाईचा हा सवाल आहे. म्हणून त्याचा विचार हिशेबानेच केला पाहिजे.

भाव वाढण्याची कारणे खोटी नाहीत. बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा 16 एप्रिल 2025 रोजी सुरू झाली. नांदगाव पेठेच्या वस्त्रोद्योग पार्कचे भूमिपूजन 20 सप्टेंबर 2024 रोजी झाले. परंतु बेलोऱ्याची चर्चा त्याआधी कितीतरी वर्षे चालू होती. नुसत्या चर्चेवर ज्याने पैसा अडकवला, त्याला तेवढी वर्षे वाट पाहावी लागली. अकोल्याच्या शिवणी विमानतळाच्या विस्ताराचे नाव सांगून कोणी प्लॉट दाखवू लागला, तर हे लक्षात ठेवावे.

वऱ्हाडाला तेजी-मंदी नवी नाही. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच कापसाच्या पैशावर मुंबईत समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीचा 5,000 रुपयांचा शेअर 50,000 च्या घरात गेला. 1865 मध्ये युद्ध संपले, कापूस उतरला आणि तो शेअर मातीमोल झाला.

आता आपला हिशेब पाहू. महापालिका हद्दीत 20 लाखांचा प्लॉट घेतला, तर 6 टक्के मुद्रांक शुल्काचे 1,20,000 आणि नोंदणीचे 20,000 असे 1,40,000 रुपये पहिल्याच दिवशी जातात. म्हणजे भाव 7 टक्के वाढेल तेव्हा आपण बरोबरीत येऊ. विकण्यासाठीच घेतलेल्या प्लॉटवर दरवर्षी बाजारभावाने जकात काढावी लागते, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. शिवाय ईदच्या हंगामात माल भरायला पैसा लागला, तर प्लॉट आठ दिवसांत विकला जात नाही. धंद्याचे खेळते भांडवल जागेत गेले की दुकान सुकते.

कागदपत्रांची बाब याहून मोठी आहे. नोटरीच्या कागदावर किंवा मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये ते स्पष्ट केले आहे. खरेदीखत नोंदवलेलेच हवे. 500 चौरस मीटरहून मोठ्या नव्या ले-आऊटला महारेराचा क्रमांक आहे का, हे पाहावे. नोंदणीकृत करार होईपर्यंत 10 टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नये. गुंठेवारीचा तुकडा असेल, तर तो नियमित झाला आहे का, हे महापालिकेत विचारावे. जमीन वक्फची तर नाही ना, याचीही खात्री करावी; वक्फची जमीन विकता येत नाही.

आमचे मत असे: भाड्याच्या दुकानात धंदा करणाऱ्याला स्वतःची जागा परवडत असेल आणि कागद स्वच्छ असतील, तर त्याने भाव उतरण्याची वाट पाहू नये. ज्याचा पैसा पाच वर्षे लागणार नाही, त्यानेही घ्यायला हरकत नाही. मात्र भांडवल मोडून, उधार काढून किंवा केवळ अफवेवर घेणार असाल, तर थांबा. थांबल्याने फार तर नफा कमी होईल. घाईने मुद्दलच जाऊ शकते.