कडब्यातली साखर

पौषातल्या थंडीत केडगावच्या शिवारात हुरड्याला बसले, की मोठ्यांचे लक्ष आगटीवर आणि पोरांचे भलतीकडेच असते. कणीस कापून टाकलेली धाटे ती दातांनी सोलून चघळत असतात. बहुतेक धाटे पाणचट किंवा फोपशी निघतात. एखादेच उसासारखे गोड लागते आणि मग त्यावरून भांडण होते. (हे केडगाव अहिल्यानगर शहराने आता पोटात घेतलेले, नवरात्रात रेणुकामातेच्या यात्रेला गजबजणारे. पंडिता रमाबाईंचे केडगाव दौंड तालुक्यात, ते वेगळे.) ते एखादे धाट गोड का, आणि सगळे रानच तसे गोड करून त्यापासून इंधन काढता येईल का, हा प्रश्न या पट्ट्यातल्या पीकपैदासकारांनी गेली पन्नासएक वर्षे सोडलेला नाही. त्याचे खरिपातले उत्तर बरेचसे सापडले आहे. रब्बीतले सापडलेले नाही, आणि का सापडले नाही हीच यातली खरी गोष्ट आहे.

ज्वारीचे ताट रसाळ की कोरडे हे पानाच्या मधल्या शिरेवरून ओळखता येते. शीर पांढरीफेक असेल तर आत भेंडासारखा कोरडा गाभा, शीर मळकट हिरवी असेल तर आत रस. कोरडेपणाचा गुण रसाळपणावर मात करतो, म्हणजे दोन्हींचा संकर केला तर पहिली पिढी कोरडी निघते. ज्या जनुकावर हा गुण अवलंबून आहे तो नेमका कोणता, हे २०१८ मध्ये स्पष्ट झाले. तो जनुक ताटाच्या गाभ्यातल्या पेशी मारून तिथे हवा भरण्याचा हुकूम देतो. म्हणजे जनुक बिघडला की ताट रसाळ! पण रस असणे वेगळे आणि रसात साखर असणे वेगळे. गोडी अनेक जनुकांच्या संगनमताने ठरते, म्हणून एका शिरेकडे बघून ती ओळखता येत नाही. त्यासाठी पैदासकार खिशात रिफ्रॅक्टोमीटर घेऊन ओळीओळीने फिरतो, ताट पिळून थेंब काचेवर टाकतो आणि डोळा लावून ब्रिक्सचा आकडा वाचतो. चांगल्या गोड ज्वारीत तो सोळा ते वीसच्या घरात जातो.

या कामाचे एक मोठे ठिकाण केडगावपासून फार लांब नाही. १९६८ साली स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने एसएसव्ही ८४ हा गोड ज्वारीचा वाण दिला. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय ज्वारी संशोधन केंद्राने सीएसएच २२ एसएस हा संकरित वाण काढला, तेव्हा त्याचा नर हाच एसएसव्ही ८४ होता. फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘मधुरा’ घडवली. ही संस्था बनबिहारी निंबकरांनी काढलेली. वाचकांना ते इरावती कर्व्यांचे जावई म्हणून अधिक ओळखीचे असतील. तिथे अनिल राजवंशी यांनी गोड ज्वारीच्या रसापासून इथेनॉल काढून, त्याच्या ऊर्ध्वपातनाला सूर्याची उष्णता वापरून, त्या इथेनॉलवर खेड्यातला दिवा आणि शेगडी चालवण्याचे प्रयोग केले. गाडीच्या टाकीआधी चुलीचा विचार करणारे ते संशोधन होते, आणि मला ते आजही जास्त शहाणे वाटते.

हिशेब तसा मोहात पाडणारा आहे. एक टन उसाचा रस थेट आंबवला तर सुमारे सत्तर लिटर इथेनॉल मिळते, गोड ज्वारीच्या एक टन ताटातून साधारण चाळीस. पण आडसाली ऊस दीड वर्ष रान अडवतो आणि पाणी किती पितो हे या जिल्ह्याला सांगायला नको. ज्वारी चार महिन्यांत हातात येते आणि वर दाणाही देते. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात गोड ज्वारीचे नाव घेतलेले आहे. पाऊस कमी झाल्यामुळे डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने आणली, तेव्हा एकाच पिकावर टाकी भरण्याचा धोका कारखानदारांनाही कळला.

मग अडले कुठे? एक अडचण चरकाची. ताट कापले की रसातली साखर मोडू लागते. एक-दोन दिवसांत गाळप झाले नाही तर गोडी उतरते. शिवाय पीक एकदम पक्व होते आणि कारखाना वर्षभर चालवायचा असतो. म्हणून शास्त्रज्ञांना खरिपाइतकेच रब्बीचे गोड पीक हवे होते. आणि इथे ज्वारीने मान हलवली.

ज्वारी हे लहान दिवसाचे पीक. रात्र लांबली की तिला फुलायची घाई होते. खरिपात मोठ्या दिवसांत ती आधी उंच वाढते, मग निसवते; हस्ताच्या ओलीवर पेरलेली ज्वारी आखूड दिवसांमुळे लवकर निसवते, ताट बुटके राहते. त्यात नगरच्या डिसेंबरातल्या रात्री. पारा दहाच्या खाली गेला की वाढ थबकते, परागकण नीट तयार होत नाहीत, आणि संकरित वाणांत दाणे भरण्याचाच घोळ होतो. १९६४ मध्ये सीएसएच १ आल्यावर खरिपात संकरित ज्वारीने बाजी मारली. रब्बीत मात्र १९३० च्या दशकात मोहोळला निवडलेली मालदांडी ३५-१ आजही शेतकऱ्याच्या घरात आहे, ती निव्वळ जुन्या प्रेमापोटी नव्हे.

थंडीपेक्षा मोठी अडचण ओलीची. रब्बी ज्वारी पावसावर वाढत नाही, जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. कणीस भरायच्या वेळी नेमकी ओल संपत आलेली असते, मुळे खाली हात फिरवत असतात आणि पाने पुरेशी साखर करू शकत नाहीत. तेव्हा रोप ताटात ठेवलेला साठा उचलते आणि कणसात भरते. मालदांडीची खात्री यातच आहे. आता पैदासकाराने ताटाला शिकवले, की साखर सोडू नकोस, तर दुष्काळी वर्षी भाकरी जाते. आणि रोपाने साठा फार ओरबाडला तरी फजिती, कारण रिकामे ताट मातीतल्या बुरशीला सापडते. खडखड्या लागतो, उभे रान आडवे होते. यावर उपाय म्हणून दाणे भरेपर्यंत हिरवे राहणारे, बी ३५ नावाच्या मूळ इथिओपियाच्या वंशातले गुण रब्बीच्या वाणांत आणायचे काम हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅटमध्ये झाले. हिरवे राहिलेले ताट लोळत नाही, त्यात गोडीही टिकते, कडबाही सकस होतो. राहुरीनेही हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, भारी जमिनीसाठी फुले वसुधा असे वाण दिले. पण त्यांची निवड दाणा आणि कडबा यांच्यासाठी, चरकासाठी नव्हे.

ही निवड चुकली असे मला वाटत नाही. ऊर्जेचे पीक म्हणताना आपण इंजिनच डोळ्यांपुढे आणतो. कडब्याची पेंढी ही शेकडो वर्षे बैलाची ऊर्जा होती आणि आता गाईच्या दुधाची आहे. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात या जिल्ह्यात चारा छावण्या लागल्या, तेव्हा ज्याच्या घरी कडब्याची गंज उभी होती त्याची जनावरे गोठ्यातच राहिली. अशा गावात ताटातला रस टँकरने नेऊ म्हणणाऱ्याला आधी गाईला काय घालायचे ते सांगावे लागेल.

गंमत म्हणजे गाईचे आणि डिस्टिलरीचे भांडण एका ठिकाणी मिटते. पानाची शीर तपकिरी करणारे काही जनुक आहेत. मक्यात ते १९२० च्या दशकात दिसले, ज्वारीत १९७० च्या दशकात. त्यांच्यामुळे ताटातले लिग्निन, म्हणजे लाकूडपणा देणारा घटक, कमी होतो. लिग्निन कमी असलेला कडबा गाईला लवकर पचतो. आणि पेंढ्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यातल्या विकरांनाही तोच लवकर मोडता येतो. दोघांना एकच ताट हवे! पण लाकूडपणा गेला की ताट कमजोर होते, आणि उत्पन्नही बहुधा घटते. म्हणून हा गुण मालदांडीच्या ताठपणासोबत एका रोपात बसवणे जिकिरीचे आहे.

तोवर दुसऱ्या टोकाने एक छोटे काम झाले आहे. हुरड्यासाठी गोड दाण्याचे फुले उत्तरा आणि फुले मधुर हे वाण राहुरीने दिले. हुरडा खाऊन झाल्यावर उरलेले हिरवे ताट जनावरांपुढे जाते, आणि त्याआधी त्यातले चार पोरांच्या दातांखाली.