मुंग्यांचा नावाडी

तो स्प्रे आधी खाली ठेव, पोरी. तू सांगतेस तशा बारीक, पिवळसर, जवळजवळ आरपार दिसणाऱ्या मुंग्या म्हणजे बहुतेक फॅरो मुंग्या. त्यांच्या घरात एकच राणी नसते, अनेक असतात. फवारा बसला की उरलेल्या मुंग्या अंडी-पिल्लं तोंडात धरून पांगतात आणि प्रत्येक टोळी वेगळ्या फटीत बिऱ्हाड थाटते. आज एक रांग मारशील आणि काही दिवसांनी खोलीच्या तीन कोपऱ्यांतून तीन रांगा निघतील.

लाडवांचा डबा कॉटखालून काढ आणि पाणी घातलेल्या ताटलीत ठेव. पाण्यात साबणाचा थेंब टाक, नाहीतर या इतक्या हलक्या की पाण्यावरूनही पलीकडे जायला कमी करणार नाहीत. माझ्या आजीकडे दूधतुपाच्या जाळीच्या कपाटाचे चारी पाय असेच पाण्याच्या वाट्यांत उभे असायचे. एवढं झालं की फोन स्पीकरवर टाक आणि ऐक. तुझ्यासारखाच खोलीत मुंग्या झालेला एक पोरगा होता, त्याची गोष्ट सांगतो.

साल १९४० च्या आसपासचं. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात रिचर्ड फाइनमन पीएचडी करत होता. पुढे १९६५ मध्ये त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, पण तेव्हा तो खोलीत पाव आणि जॅमची बरणी ठेवून राहणारा विद्यार्थीच. एक दिवस खिडकीच्या कट्ट्यावर त्याला मुंग्या फिरताना दिसल्या. आपण फडकं शोधलं असतं. हा विचार करत बसला, की यांना खाणं सापडतं कसं आणि कुठे जायचं हे एकीचं दुसरीला कळतं कसं?

त्याने काय करावं? थोडी साखर दोरीने अशी टांगली की मुंग्यांना चालत तिथे पोचताच येऊ नये. मग कागदाच्या पट्ट्या दुमडून नावा केल्या, काही मुंग्यांजवळ ठेवल्या, काही साखरेजवळ. मुंगी आपणहून नावेत चढली की हा तिला उचलून साखरेवर सोडायचा. तिथून परतीच्या नावेत चढली की पुन्हा खाली आणायचा. अख्खी दुपार हा धंदा. सुरुवातीला एखाद-दुसरी यायची, पण मग उतारूंची अशी गर्दी झाली की नावाडी बेजार!

धंदा ऐन भरात असताना त्याने लबाडी केली. साखर खाऊन परतणाऱ्या मुंग्यांना तो जुन्या धक्क्यावर न सोडता दुसरीकडे सोडू लागला. आता सांग, पुढच्या खेपेला त्या कुठे जमतील? जिथून आधी चढल्या तिथे, की जिथे आत्ता उतरल्या तिथे? जमल्या नव्या जागी. साखर तिथे नाही, नावही नाही, तरी बायका तिथेच घुटमळताहेत. (बायकाच म्हणायचं. काम करणाऱ्या सगळ्या मुंग्या माद्या असतात.)

नंतर त्याने सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या ओळीने मांडून त्यांवरून मुंग्यांना चालवलं आणि मधल्या पट्ट्या बदलल्या, इकडच्या तिकडे केल्या. मुंग्यांची चाल त्याबरोबर चुकायची. म्हणजे वाट मुंगीच्या डोक्यात नव्हती, काचेवर होती. पोटाचं टोक जमिनीला टेकवत ती वासाची रेघ ओढत जाते. एडवर्ड विल्सन या शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये दाखवून दिलं की आगमुंग्यांचा हा वास नांगीजवळच्या एका इवल्याशा ग्रंथीतून येतो. त्या ग्रंथीचा अर्क घेऊन त्याने रेघ ओढली, तर मुंग्या मुकाट त्या रेघेवरून निघाल्या. पुढे खाणं नसतानाही!

हा वास उडून जाणारा असतो, हे लक्षात ठेव. भरल्या पोटी परतणारी प्रत्येक मुंगी रेघ पुन्हा गिरवते म्हणून रेघ टिकते. येणंजाणं थांबलं की ती विरते. आणि गिरवता गिरवता सरळही होते. फाइनमन नंतर कॅलिफोर्नियात राहायला गेला, तिथे त्याच्या न्हाणीघरातल्या टबाशी मुंग्या निघाल्या. दुसऱ्या टोकाला साखर ठेवून, ती सापडलेल्या मुंगीच्या मागोमाग याने रंगीत पेन्सिलीने रेघ ओढत नेली. पहिली रेघ नागमोडी, दुसरीने काही वळणं वाचवली, आणि आठ-दहा जणी गेल्यावर वाट सरळ. माळावरची पायवाट अशीच पडते, कुणी आखायला जात नाही. आपण पोरांना मुंग्यांच्या शिस्तीचे धडे देतो, पण एकेकटीला शिस्त कसली? मेलेलं झुरळ ओढणाऱ्या मुंग्या नीट बघ. एक इकडे ओढते, दुसरी तिकडे, तिसरी त्या झुरळावरच चढून बसलेली.

मूळ गोष्ट राहिलीच. प्रिन्स्टनच्या त्या खोलीत मुंग्यांना पाव-जॅमचा पत्ता लागला. खिडकीपासून खाण्याच्या कपाटापर्यंत लांबच लांब रांग. फाइनमनने ठरवलं, एकही मुंगी मारायची नाही. मुंग्या ज्या भोकातून खोलीत यायच्या, त्यापासून वीतभर अंतरावर त्याने गुपचूप साखर ठेवली. मग पुन्हा नावा काढल्या. कपाटाकडे निघालेली मुंगी नावेत चढली की साखरेवर. कपाटाकडून परतणारी चढली की तीही साखरेवर. साखरेवरून घराची वाट त्यांची त्यांनीच शोधली आणि गिरवली. जुनी वाट सुकत गेली. तासाभरात कपाट मोकळं! फरशी पुसली नाही की औषध घातलं नाही.

तुला एवढी फुरसत नसेल तर साबणाच्या पाण्याने वाट पूस, फटीला मेण लाव, आणि चहाचा कप रात्रीच धू. साखरपाण्यात चिमटीभर बोरिक पावडर घालतात, तो उपायही खरा आहे. मुंगीला स्वतःच्या पोटाआधी एक सामायिक पोट असतं. त्यात भरून आणलेलं ती घरी गेल्यावर तोंडाने इतरांना भरवते, आणि अशा रीतीने ते राणीपर्यंत पोचतं. पावडर जास्त झाली तर मुंगी घरी पोचण्याआधीच मरते आणि खेळ फसतो. मला मात्र हा उपाय आवडत नाही. भरवणाऱ्या हातून विष घालायचं!

फाइनमनने त्या मुंग्यांबद्दल आणखी एक निष्कर्ष काढला होता. मुंगीला कागदावर घेऊन गरगर फिरवून पुन्हा वाटेवर सोडली, तर आपण उलट चाललोय हे तिला दुसरी मुंगी भेटेपर्यंत कळायचं नाही. वाटेला दिशा नसते आणि मुंगीला भूमिती येत नाही, असं त्याला दिसलं. पुढे २००४ मध्ये इंग्लंडातल्या शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तुझ्या या फॅरो मुंग्यांच्याच वाटा मोजल्या. घरापासून लांब जाताना त्यांच्या वाटेला फाटे फुटतात आणि दोन फाट्यांमधला कोन साधारण ५० ते ६० अंशांचा असतो. चुकीच्या दिशेने निघालेली मुंगी फाट्याशी आली की त्या कोनावरून घर कुठल्या अंगाला आहे हे ओळखते. फाटा नसलेल्या सरळ वाटेवर तिला ते जमत नाही. वर्षभराने त्यांना असंही आढळलं, की जिकडे खाणं नाही त्या फाट्याच्या तोंडाशी या मुंग्या ‘इकडे येऊ नका’ अशा वासाची खूण करून ठेवतात.

तेव्हा वाट पुसण्याआधी ती कुठे फुटते का, ते बघ. फुटत असेल तर एकीला कागदावर घेऊन गरगर फिरव, फाट्याच्या थोडं अलीकडे सोड आणि काय करते ते मला कळव. साखर लागेलच, पण ती खिडकीबाहेर ठेव आणि रूममेटला आधी विश्वासात घे. रेक्टरबाई आल्या तर आजोबांचं नाव सांगू नकोस.